आज्ञेवाचून समन्वय : डेबियन प्रकल्पातील पॅकेज-रचना व आवृत्ति-प्रकाशन

१. प्रश्नाचे स्वरूप

सॉफ्टवेअर लिहिणे आणि लिहिलेले सॉफ्टवेअर लोकांच्या हाती सुस्थितीत पोहोचविणे, ही दोन भिन्न कार्ये होत. पहिल्याविषयी पुष्कळ लिहिले जाते, दुसऱ्याविषयी क्वचितच. वास्तविक, मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत, म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणासही वाचता, बदलता व वाटता येते अशा सॉफ्टवेअरच्या बाबतीत, दुसरे कार्य पहिल्याइतकेच बिकट असते. त्याचे लेखक हजारो असून ते देशोदेशी विखुरलेले असतात. प्रत्येकाची गती निराळी आणि नवी आवृत्ती काढण्याचा मुहूर्तही निराळा. या सर्वांच्या कृती एकत्र आणावयाच्या, परस्परांशी जुळवावयाच्या आणि एका दिवशी एकसंध रूपात प्रसिद्ध करावयाच्या, हे काम ‘वितरण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पांकडे येते. डेबियन हे अशा वितरणांपैकी एक जुने व विस्तृत वितरण होय.

१९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबियनचा प्रारंभ केला. १९९६ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या १.१ या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या तेराव्या आवृत्तीत ती सुमारे ७०,००० आहेत. मताधिकार असलेले सभासद मात्र हजाराच्या आसपासच आहेत, आणि ते सारे स्वेच्छेने काम करणारे आहेत. प्रकल्पाने १९९८ मध्ये स्वतःची घटना स्वीकारली. तिच्यातील एक कलम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कळीचे आहे. प्रकल्पासाठी अमुक काम कर, असे कोणासही बंधन नाही. मात्र रीतसर झालेल्या निर्णयांविरुद्ध कोणी सक्रियपणे काम करू नये, असा त्याचा आशय आहे.

येथेच प्रश्न उभा राहतो. ज्या संघात कोणी कोणास काम सांगू शकत नाही, तेथे सत्तर हजार घटकांची एकच आवृत्ती सिद्ध होते कशी? आज्ञेची जागा तेथे कोण घेते? आणि जे कोणी ती घेते, ते कोठे अपुरे पडते? या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

२. पॅकेज आणि त्याची आकांक्षा

पॅकेज म्हणजे केवळ फायलींचे गाठोडे नव्हे. त्यात प्रोग्राम असतो, तसेच त्या प्रोग्रामविषयीची विधानेही असतात. हे चालण्यास आणखी काय लागते, कोणत्या आवृत्तीचे लागते, कशाबरोबर याचे जमत नाही, याचा सांभाळ कोण करतो, ही माहिती ठरावीक साच्यात लिहिलेली असते. सांभाळ करणाऱ्यास मेंटेनर म्हणतात. तो बहुधा प्रोग्रामचा मूळ लेखक नसतो. हस्तलिखिताचा संपादक आणि ग्रंथकार यांचे जे नाते, तेच स्थूलमानाने मेंटेनर आणि मूळ लेखक यांचे होय. मूळ लेखक संहिता निर्माण करतो. मेंटेनर ती वितरणाच्या नियमांत बसवितो, अवश्य तेथे दुरुस्ती करतो, आणि ती दुरुस्ती मूळ लेखकाकडे परत पाठविणे हेही त्याचे कर्तव्य समजले जाते.

पॅकेजांच्या परस्परसंबंधाचे स्वरूप भारतीय शाब्दबोधाच्या परिभाषेत चांगले उकलते. वाक्यार्थ सिद्ध होण्यास आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी लागतात, असे आपल्याकडील शास्त्रकारांनी म्हटले आहे. पॅकेजालाही आकांक्षा असते; चित्र दाखविणारा प्रोग्राम चित्र वाचणाऱ्या लायब्ररीवाचून अपुरा राहतो. योग्यताही लागते, लायब्ररी नुसती असून भागत नाही, ती योग्य आवृत्तीची असावी लागते. आणि संनिधीही लागते. दोन्ही एकाच संचात उपलब्ध असली पाहिजेत. उपमा याहून ताणू नये, कारण वाक्यात पदे पाच-दहा असतात आणि येथे आकांक्षेचे जाळे सत्तर हजार घटकांवर पसरलेले असते.

या जाळ्याचा परिणाम असा की, पायाजवळच्या एखाद्या लायब्ररीचे बाह्य रूप बदलले, तर तिच्यावर उभी असलेली शेकडो पॅकेजे पुन्हा बांधावी लागतात. याला ‘ट्रान्झिशन’ म्हणजे संक्रमण असे म्हणतात. दोन मोठी संक्रमणे एकाच वेळी सुरू झाली व त्यांच्या वाटा एकमेकींत गुंतल्या, तर दोन्ही अडकून पडतात. यास्तव मोठ्या संक्रमणापूर्वी ‘रिलीज टीम’ या छोट्या गटाकडून पाळी घेण्याची रीत आहे. हा गट कोणास काम नेमून देत नाही. वाट केव्हा मोकळी आहे, एवढेच सांगतो.

२०२४ मधील एक संक्रमण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. अनेक प्रणालींत काळ हा १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. ही संख्या ३२ बिटांच्या चिन्हयुक्त अंकात ठेवली, तर २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे मोजणी चालत नाही, आणि ती मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी गाठली जाणार आहे. यावर उपाय म्हणून डेबियनने ३२ बिटांच्या यंत्रांसाठी काळाचे माप ६४ बिटांचे करण्याचे ठरविले. निर्णय एका ओळीचा होता. परंतु त्यासाठी हजाराहून अधिक लायब्ररी-पॅकेजांची नावे बदलावी लागली आणि त्यांवर अवलंबून असलेले सर्व काही पुन्हा बांधावे लागले. चौदा वर्षे पुढचे संकट, आणि तेही मुख्यतः लहान वा जुन्या यंत्रांवरचे. तरीही स्वेच्छेने काम करणाऱ्यांनी ते अंगावर घेतले, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे.

३. क्रमांक आणि नाव

समन्वयास भाषा लागते, आणि येथील भाषा प्रामुख्याने आवृत्ति-क्रमांकांची आहे. पॅकेजाच्या क्रमांकाचे दोन मुख्य भाग असतात. ‘१.२.३–४’ असा क्रमांक असेल तर १.२.३ हा मूळ लेखकाचा आणि ४ हा मेंटेनरचा. त्याच संहितेवर मेंटेनरने केलेला चौथा संस्कार, असा त्याचा अर्थ. एका क्रमांकात दोघांचे कर्तृत्व असे वेगवेगळे दाखविलेले असते.

यंत्राला दोन क्रमांकांतील नवा कोणता हे ठरवावे लागते, आणि त्याचे नियम काटेकोर आहेत. १.१० हा १.९ च्या नंतरचा. दशांश अपूर्णांक समजून तो आधीचा मानणे चूक. ‘~’ हे चिन्ह रिकाम्या जागेहूनही अलीकडचे मानले जाते, म्हणून ‘२.०~आरसी१’ हा कच्चा मसुदा ‘२.०’ च्या आधी येतो. मूळ लेखकाने क्रमांकाची पद्धतच बदलली, उदाहरणार्थ सालावरून क्रमांक देणे सोडून १.० पासून नव्याने आरंभ केला, तर क्रमांकाच्या प्रारंभी एक ‘युगांक’ जोडता येतो. हा युगांक एकदा जोडला की पुन्हा काढता येत नाही. वापरणाऱ्याच्या यंत्राने मागे जाऊ नये, या एकाच हेतूने ही सारी व्यवस्था केलेली आहे.

संपूर्ण आवृत्तीच्या नावामागेही एक अनुभव आहे. डेबियनची १.० ही आवृत्ती कधी प्रसिद्धच झाली नाही. १९९५ च्या अखेरीस एका सीडी-विक्रेत्याने अपुरे काम १.० या क्रमांकाने विकावयास काढले. तो गोंधळ टाळण्यासाठी प्रकल्पाला १.१ पासून आरंभ करावा लागला. तेव्हापासून सिद्ध होत असलेल्या आवृत्तीस क्रमांकाऐवजी सांकेतिक नाव देण्याची प्रथा पडली. ही नावे ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील पात्रांची आहेत. तेराव्या आवृत्तीचे नाव ट्रिक्सी. काम चालू असताना क्रमांक जाहीर न करणे, कारण क्रमांक म्हणजे वचन, हा त्यातील भाव होय. याउलट ‘स्टेबल’ म्हणजे ‘स्थिर’ ही संज्ञा सर्वनामासारखी आहे. ती आज एका आवृत्तीस लागू पडते, उद्या दुसरीस. ‘सिड’ हे एकच नाव कायम आहे. चित्रपटात खेळणी मोडणाऱ्या मुलाचे ते नाव सदैव अस्थिर असणाऱ्या दालनास दिलेले आहे.

४. तीन दालने

डेबियनच्या भांडारात तीन मुख्य दालने आहेत. मेंटेनरने पाठविलेले पॅकेज प्रथम ‘अनस्टेबल’ म्हणजे अस्थिर दालनात येते. तेथून ते ‘टेस्टिंग’ म्हणजे चाचणीच्या दालनात जाते. योग्य वेळी चाचणीचे दालनच स्थिर आवृत्ती म्हणून प्रसिद्ध होते. मधले दालन २००० साली निर्माण झाले. त्यापूर्वी अस्थिर दालनच थांबवून ते दुरुस्त करीत बसावे लागे, आणि सर्वांचे नवे काम तेवढा काळ खोळंबे.

अस्थिर दालनातून चाचणीच्या दालनात प्रवेश देण्याचे काम माणूस करीत नाही. ‘ब्रिटनी’ नावाचा प्रोग्राम करतो. त्याच्या अटी सर्वांना ठाऊक असतात. पॅकेज काही दिवस अस्थिर दालनात राहिलेले असावे; मुळात ही मुदत निकडीनुसार दहा, पाच किंवा दोन दिवसांची होती, आणि आता सामान्यतः पाच दिवसांची आहे. ते अधिकृत अशा सर्व यंत्ररचनांवर बांधले गेलेले असावे. ट्रिक्सीच्या वेळी अशा यंत्ररचना सात होत्या. त्याच्या आकांक्षा चाचणीच्या दालनातच पूर्ण व्हाव्यात. त्याच्या प्रवेशाने दुसरे कोणते पॅकेज मोडू नये. पूर्वी नसलेला गंभीर दोष त्याने आणू नये. स्वयंचलित चाचण्यांत ते अनुत्तीर्ण झाल्यास प्रवेश लांबतो वा रोखला जातो.

या अटींतील एकही अट ‘अमुकाने अमुक करावे’ अशी नाही. सर्व अटी ‘असे असल्यास प्रवेश, नसल्यास नाही’ या स्वरूपाच्या आहेत. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे विध्यर्थ नाही, संकेतार्थ आहे. आज्ञेचे रूपांतर अटीत झाले आहे. मेंटेनरला कोणी रागावत नाही. त्याचे पॅकेज फक्त दाराशी थांबते. ते का थांबले याचे कारण सर्वांस दिसते, आणि ते दूर करण्याचा अधिकारही एकट्या मेंटेनरपुरता मर्यादित नसतो. गंभीर दोष दीर्घकाळ राहिल्यास दुसरा सभासद पूर्वसूचना देऊन दुरुस्त पॅकेज पाठवू शकतो. तसे कोणीच न केल्यास, २०१३ पासून चालत आलेल्या रीतीप्रमाणे, ते पॅकेज व त्याच्यावर अवलंबून असणारी पॅकेजे चाचणीच्या दालनातून आपोआप काढली जातात. मात्र अत्यावश्यक समजलेल्या पॅकेजांस हा नियम लागू नाही.

काढून टाकण्याची ही तरतूद कठोर भासेल. परंतु तिच्यामुळेच एकाच्या निष्क्रियतेसाठी सर्वांचे काम अडून राहत नाही. काम करण्याची सक्ती नाही, तशीच न केलेल्या कामाला आवृत्तीत जागा देण्याचीही सक्ती नाही. घटनेतील त्या कलमाची ही दुसरी बाजू होय.

५. गोठवण आणि वेळापत्रक

नियम यंत्राने चालविले तरी ‘आता पुरे’ हे यंत्र सांगू शकत नाही. ते सांगण्यासाठी ‘फ्रीज’ म्हणजे गोठवण असते. ट्रिक्सीच्या वेळी ती टप्प्याटप्प्याने झाली. १५ मार्च २०२५ पासून नवी संक्रमणे बंद. १५ एप्रिलपासून नव्या पॅकेजांस दार बंद, केवळ लहान व नेमके बदल ग्राह्य. १५ मेपासून महत्त्वाच्या पॅकेजांचा, आणि २७ जुलैपासून प्रत्येकच पॅकेजाचा बदल माणसाने वाचून संमत करावयाचा. संमती मागणाऱ्याने जुन्या व नव्या संहितेतील ओळ न् ओळ फरक सादर करावा लागतो. या काळात रिलीज टीमचे मुख्य उत्तर ‘नाही’ हेच असते. नव्या आवृत्तीत अधिक सोयी आहेत हे कारण तेव्हा चालत नाही; दोष दुरुस्त होतो, हेच चालते.

भाषांतरकारांच्या दृष्टीने हा काळ विशेष महत्त्वाचा आहे. मूळ इंग्रजी वाक्ये रोज बदलत राहिली तर भाषांतर सदैव एक पाऊल मागे राहते. वाक्ये स्थिर झाली म्हणजेच ते पूर्ण होऊ शकते. १४ फेब्रुवारी २००९ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘लेनी’ या पाचव्या आवृत्तीत प्रणालीची स्थापना करून देणारा प्रोग्राम ६३ भाषांत उपलब्ध झाला, आणि त्या वेळी नव्याने आलेल्या भाषांत मराठी होती. केवळ अक्षरे दाखविणाऱ्या साध्या पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरे उमटत नसल्याने मराठीची निवड चित्रमय पडद्यावरच करता येत असे. म्हणजे भाषांतर वेळेत झाले तरी ते दिसावे यासाठी अक्षरचित्रणाची पॅकेजेही त्याच आवृत्तीत जुळून यावी लागतात. लहान भाषांचे हित अशा रीतीने वेळापत्रकाशी निगडित असते.

वेळापत्रक ठरविण्याचा मार्ग मात्र सुखाचा नव्हता. ‘तयार होईल तेव्हा’ हे डेबियनचे प्रसिद्ध उत्तर. ‘वूडी’ जुलै २००२ मध्ये आली आणि तिच्यानंतरची ‘सार्ज’ जून २००५ मध्ये. जवळजवळ तीन वर्षे वापरणारे ताटकळले. २००६ साली प्रकल्पप्रमुख व काही सभासदांनी निधी उभारून आवृत्तीचे काम पाहणाऱ्या दोघांस काही काळ मानधन देण्याचा प्रयोग केला. त्यावर संघात तीव्र मतभेद झाले. सारे विनावेतन राबत असता दोघांसच वेतन का, हा आक्षेप केवळ मत्सराचा नव्हता. स्वेच्छेवर उभ्या असलेल्या संघात कामाचे मोल कशात मोजावे, असा तो प्रश्न होता. डिसेंबर २००६ मध्ये अपेक्षित असलेली आवृत्ती अखेर एप्रिल २००७ मध्ये आली.

२००९ च्या जुलैमध्ये, दर दोन वर्षांनी ठरावीक महिन्यात गोठवण करण्याचा निर्णय जाहीर झाला. पहिली गोठवण त्याच डिसेंबरात व्हावयाची होती. पुरेशी चर्चा न होता हे जाहीर झाले, असा आक्षेप आला आणि तो महिना सोडून द्यावा लागला. गोठवण प्रत्यक्षात ऑगस्ट २०१० मध्ये झाली. तथापि तत्त्व टिकले. गोठवणीचा दिवस आधी ठरावा, प्रकाशनाचा दिवस मात्र तयारी पाहून ठरावा, असा तो मध्यम मार्ग होय. २०११ पासून २०२५ पर्यंत प्रत्येक विषम वर्षी एक आवृत्ती प्रसिद्ध झाली आहे. तारीख लादली गेली तेव्हा ती मोडली. सर्वांना आधी कळवून ठरविली तेव्हा पाळली गेली.

६. पद्धतीच्या दोन कसोट्या

या व्यवस्थेचे बल व मर्यादा दोन प्रसंगांत स्पष्ट दिसतात.

पहिला प्रसंग ओपनएसएसएल या लायब्ररीचा. गुप्त किल्ल्या निर्माण करण्यास तिचा उपयोग होतो, आणि अशी किल्ली कोणाला तर्काने ओळखता येऊ नये यासाठी तिच्यात पुरेशी यादृच्छिकता मिसळावी लागते. २००६ साली डेबियनच्या पॅकेजात, तपासणी-साधनाने दिलेल्या इशाऱ्यावरून, संहितेतील एक कृती वगळण्यात आली. त्याविषयी मूळ लेखकांच्या गटाकडे विचारणा झाली होती. परंतु बदलाचे पूर्ण परिणाम कोणाच्याच ध्यानात आले नाहीत. परिणाम असा की, एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या अगणित न राहता ३२,७६८ एवढ्याच उरल्या. हा दोष स्थिर आवृत्तीतही गेला आणि १३ मे २००८ रोजी उघड झाला. किल्ल्या तयार होत होत्या, दारे उघडत होती. म्हणून प्रतीक्षेचे दिवस, दोषांची नोंद, गोठवण यांपैकी कशालाच तो अडला नाही. जो दोष लक्षण दाखवीत नाही, तो अटींच्या चाळणीतून खाली पडतो.

दुसरा प्रसंग एक्सझेड या लायब्ररीचा. तिच्या कामात हळूहळू विश्वास संपादन केलेल्या एका सहलेखकाने ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दूरस्थ प्रवेशासाठी एक चोरदार घातले. त्याचा निर्णायक अंश सार्वजनिक संहितेत नव्हता. प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात मात्र होता. दूरस्थ प्रवेशाचा जो प्रोग्राम त्याचे लक्ष्य होता, तो मुळात एक्सझेडवर अवलंबूनच नव्हता. डेबियनसह काही वितरणांनी आपल्या सोयीसाठी केलेल्या बदलामुळे तो मधल्या दुसऱ्या लायब्ररीच्या द्वारे तिच्याशी जोडला गेला होता. दूषित पॅकेज अस्थिर व चाचणीच्या दालनांत पोहोचले. ब्रिटनीच्या अटी त्याने पूर्ण केल्या होत्या. प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला तो कट सापडला आणि २९ मार्च २०२४ रोजी तो जाहीर झाला. स्थिर आवृत्तीपर्यंत ते पॅकेज पोहोचले नव्हते. संशोधकाची चिकाटी आणि वितरणाची सावकाशी या दोहोंनी मिळून अनर्थ टाळला.

त्या वेळी डेबियनने घाईने पाठविलेल्या पॅकेजाचा क्रमांक पाहण्यासारखा आहे : ‘५.६.१+रिअली५.४.५–१’. क्रमांक मागे नेता येत नाही, आणि संहिता तर मागे नेणे भाग होते. म्हणून नाव पुढचे ठेवून ‘खरे पाहता ५.४.५’ असे मधोमध लिहिले गेले. यंत्रासाठी असलेल्या अंकमालेत माणसांना उद्देशून एक क्रियाविशेषण आले. नियम न मोडता सत्य सांगण्याची ही युक्ती डेबियनमध्ये रूढ आहे.

दोन्ही प्रसंगांत दुर्बळ ठिकाण एकच आहे : मूळ संहिता आणि वाटलेली प्रत यांमधील अंतर. पहिल्यात मेंटेनरचा बदल पुरेशा नजरांखालून गेला नाही. दुसऱ्यात मूळ लेखकाच्या गठ्ठ्यातील बदल कोणी सार्वजनिक संहितेशी ताडून पाहिला नाही. पाठचिकित्सेच्या अभ्यासकास हा धोका परिचित आहे. यास्तव मेंटेनरचे बदल मूळ संहितेत न मिसळता स्वतंत्र ठेवण्याची रीत रूढ झाली आहे. आणि त्याच संहितेवरून कोणीही बांधले तरी बिटाबिटाने तीच प्रत मिळावी, यासाठी २०१३ पासून डेबियनमध्ये प्रयत्न चालू आहेत.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, डेबियनमध्ये आज्ञेची जागा उघड अटींनी घेतली आहे, आणि त्या अटी यंत्र चालविते म्हणून त्यांत पक्षपाताचा संशय राहत नाही. दोन, माणसाचा विवेक शेवटच्या काही महिन्यांसाठी राखून ठेवलेला आहे, आणि त्याचे स्वरूप मुख्यतः नकाराचे आहे. तीन, विलंब हा या व्यवस्थेचा केवळ दोष नसून तिचे एक साधनही आहे; तो दोषास प्रकट होण्यास अवसर देतो.

परंतु अवसर मिळाला तरी पाहणारा कोणी असावा लागतो. अट प्रत पडताळू शकते, हेतू पडताळू शकत नाही. २००८ साली आणि २०२४ साली चूक व कपट शोधले ते संहिता वाचणाऱ्या व वर्तनातील किंचित फरकाने अस्वस्थ होणाऱ्या माणसांनी. कोणासही कामाचे बंधन नाही, असे म्हणणाऱ्या संघाची सारी भिस्त शेवटी बंधन नसताना वाचीत बसणाऱ्या अशा थोड्यांवर असते. आणि त्यांची संख्या सत्तर हजार पॅकेजांच्या मानाने फारच अल्प आहे.